एकच शैली शिकला, ४९ लढती खेळला, एकही हरला नाही : रॉकी मार्सियानोची गोष्ट

बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांमध्ये एक वाद कायम रंगतो. एकाच शैलीत पक्कं व्हायचं की चार-पाच शैली शिकून ठेवायच्या?

कोणी लांबून ठोसे मारत रिंगभर फिरतो. कोणी समोरच्याच्या चुकीची वाट बघतो आणि मग उलटा वार करतो. कोणी थेट अंगावर जातो. समोरचा गडी बघून आपण बदलायचं की समोर कोणीही येवो, आपलाच खेळ खेळायचा?

या वादात एक नाव हमखास निघतं. रॉकी मार्सियानो.

१ सप्टेंबर १९२३ ला अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटन गावात त्याचा जन्म झाला. ब्रॉकटन म्हणजे बुटांच्या कारखान्यांचं गाव. इटलीहून आलेले त्याचे वडील अशाच एका कारखान्यात राबायचे. पोराला मात्र कारखान्यात जायचं नव्हतं, त्याला बेसबॉल खेळायचं होतं.

१९४७ मध्ये शिकागो कब्स या मोठ्या क्लबच्या खालच्या टीमसाठी त्याने ट्रायल दिली, पण निवड झाली नाही. कारण काय, तर बॉल फेकण्यात हात कमी पडतो! पुढे त्याच हाताने भल्याभल्यांना झोपवलं.

बेसबॉलचा दरवाजा बंद झाल्यावर तो बॉक्सिंगकडे वळला. १९४८ मध्ये तो न्यूयॉर्कला कोच चार्ली गोल्डमनकडे पोहोचला तेव्हा त्याचं वय होतं २४. बॉक्सिंगच्या हिशोबाने उशीरच झालेला.

गोल्डमन स्वतः बुटका, शंभरहून जास्त लढती खेळलेला आणि त्याआधी विश्वविजेते घडवलेला वस्ताद. त्याच्यासमोर उभा राहिलेला हा गडी मात्र हेवीवेट वाटतच नव्हता. उंची सहा फुटांपेक्षा कमी, वजन ८५ किलोच्या आसपास, हातांची पोच फक्त ६८ इंच. त्या काळातला दिग्गज जो लुईची पोच होती ७६ इंच. त्यात पाय एकमेकांत अडकायचे आणि डावा हात जवळपास बिनकामाचा. जमेची बाजू एकच, उजव्या हाताचा ठोसा.

आता गोल्डमनपुढे दोन रस्ते होते. पुस्तकातलं सुबक बॉक्सिंग शिकवायचं किंवा या शरीराला जे शोभेल तेच घोटून घ्यायचं. त्याने दुसरा रस्ता धरला.

उंची कमी आहे ना, मग अजून वाकून खेळ. वाकलेला माणूस समोरच्याला सापडत नाही आणि त्याचा ठोसा खालून येतो. हात आखूड आहेत ना, मग अंतरच ठेवू नको, थेट आत घुस. पायांतलं अंतर बिघडू नये म्हणून गोल्डमनने त्याचे पाय दोरीने बांधून सराव घेतला असं सांगतात. डावा हात शून्यातून तयार केला. मैलोन्‌मैल पळून दमसास कमावला.

म्हणजे शैली एकच, पण तिच्या आत शिकायला खूप काही होतं.

ऑक्टोबर १९५१ मध्ये त्याने आपला हिरो असलेल्या जो लुईला आठव्या राउंडमध्ये हरवलं. २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात विश्वविजेत्या जर्सी जो वॉलकॉटशी गाठ पडली.

वॉलकॉट म्हणजे युक्त्यांचं भांडार. मागे जाता जाता मारणार, दिशा बदलणार, चकवणार. पहिल्याच राउंडमध्ये त्याने मार्सियानोला खाली पाडलं. कारकीर्दीत हे पहिल्यांदाच घडत होतं. बारा राउंड संपले तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर वॉलकॉट पुढे होता.

तेराव्या राउंडमध्ये उजव्या हाताचा एक छोटा ठोसा जबड्यावर बसला आणि वॉलकॉट दोराला लटकत खाली गेला. मार्सियानो विश्वविजेता झाला.

पण या शैलीची किंमतही होती. आत घुसायचं तर मार खात घुसावं लागतं. १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्ससोबतच्या दुसऱ्या लढतीत त्याचं नाक फाटलं, रक्त थांबेना. लढत कधीही थांबवली गेली असती आणि विजेतेपद गेलं असतं. त्याने आठव्या राउंडमध्ये चार्ल्सलाच नॉकआउट केलं. १९५५ मध्ये आर्ची मूरनेही त्याला पाडलं, त्यालाही त्याने नवव्या राउंडमध्ये संपवलं.

चार्ल्स असो वा मूर, दोघांकडेही मार्सियानोपेक्षा जास्त डाव होते. पण डाव टाकायला वेळ लागतो, जागा लागते आणि हा गडी दोन्ही देत नव्हता.

टीकाकारांचा मुद्दाही खोटा नाही. लुई, वॉलकॉट, मूर हे तिघंही त्याच्याशी लढताना पस्तिशीच्या पुढे होते. ऐन भरात असलेल्या उंच, चपळ बॉक्सरसमोर हीच शैली चालली असती का, हे रिंगमध्ये कधी ठरलंच नाही.

एप्रिल १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली. ४९ लढती, ४९ विजय, त्यात ४३ नॉकआउट.

१९६९ मध्ये एक गंमत झाली. मार्सियानो आणि मोहम्मद अली यांची कॅमेऱ्यासमोर खोटी लढत खेळवली गेली. निकाल कॉम्प्युटर ठरवणार होता. जानेवारी १९७० मध्ये ती दाखवली गेली आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या राउंडमध्ये जिंकताना पाहिलं.

स्वतः मार्सियानोला मात्र ते बघता आलं नाही. ३१ ऑगस्ट १९६९ ला, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यात विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला होता.

मग एक शैली की अनेक? मार्सियानोची गोष्ट सांगते की खेळाडूचं एका शैलीवर भागू शकतं, फक्त ती त्याच्या शरीराच्या मापाची हवी. ते माप घेणाऱ्या वस्तादाला मात्र सगळ्या शैली माहीत असाव्या लागतात.