सेनापती द्युफूर : जिंकूनही भाऊ राखणारा

भाऊबंदकीचे युद्ध थांबवणे कठीण; त्यानंतर पुन्हा एका घरात नांदणे त्याहून कठीण. हे ओळखणारा एक सेनापती स्वित्झर्लंडमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव गीयोम-आंरी द्युफूर.

जिनेव्हाच्या एका प्रॉटेस्टंट कुटुंबात १७८७ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते नेपोलियनच्या सैन्यात इंजिनिअर होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी पूल बांधले आणि देशाचा नकाशा तयार करण्याचे मोठे काम अंगावर घेतले.

१८४५ साली सात रोमन कॅथलिक प्रांतांनी आपला वेगळा संघ केला. प्रॉटेस्टंट प्रांतांचे वर्चस्व असलेल्या संघसभेने तो मोडण्याचे ठरवले आणि ऑक्टोबर १८४७ मध्ये द्युफूर यांना सेनापती नेमले. गंमत अशी, की विरुद्ध बाजूचे सेनापतीही प्रॉटेस्टंटच होते!

समोरचे लोक शत्रू नसून देशबांधव आहेत, हे द्युफूर विसरले नाहीत. जखमी शत्रूची आपल्या माणसाप्रमाणे शुश्रूषा करावी, कैद्यांना छळू नये, स्त्रिया, मुले, वृद्ध व मंदिरे यांना धक्का लावू नये, अशी त्यांनी आज्ञा दिली. ती सर्वांनीच पाळली असे नाही. फ्रीबूर शहरात लूट झालीच. परंतु ते शहर लढाईने नव्हे, तर प्रचंड सैन्य दाखवून व विचाराला वेळ देऊन त्यांनी शरण आणले. नोव्हेंबर संपण्याआधी युद्ध संपले. दोन्ही बाजू मिळून सुमारे शंभर माणसे मेली.

पुढे काय झाले? १८४८ साली नवी राज्यघटना झाली व हरलेले प्रांतही तिच्यात सामावले गेले. त्यांच्यावर युद्धखर्चाचा बोजा लादला होता. त्यातील उरलेली रक्कम १८५२ साली माफ झाली. मनातील अढी मात्र सावकाश गेली. जेझुइटांवरील घटनेतील बंदी १९७३ साली उठली! तरीही त्या देशात पुन्हा यादवी झाली नाही.

१८६३ साली रेडक्रॉसचा पाया घालणाऱ्या पाच जणांत द्युफूर होते; तिचे पहिले अध्यक्षही तेच. १८७५ साली ते प्रभूमध्ये निजले.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांतही तट पडतात; एक बाजू जिंकते, दुसरी हरते. तट मिटल्यावर हरलेला भाऊ पुढच्या रविवारी आपल्या शेजारी बसू शकेल काय? हे भांडण संपल्यावर ठरत नाही. आपण भांडताना कसे वागलो, यावर ठरते. रविवार शाळेतील शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.