कर्जखते इंद्रायणीत सोडणारा देहूचा दुकानदार

सोमाटणे फाट्यावरून देहूरोडकडे निघालो की जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. शेलारवाडीची बौद्ध लेणी याच डोंगरात आहेत. इथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याच्या पत्नीने आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. लेखात या शेतकऱ्याला कुटुंबिक म्हटले आहे. कुणबी या शब्दाचे नाते अनेक अभ्यासक याच शब्दाशी जोडतात.

या दानानंतर दीड हजार वर्षांनी आणखी एक कुणबी गृहस्थ याच डोंगरावर चिंतनाला येऊन बसत असे. ते म्हणजे देहूचे तुकोबा. आपल्या तरुणांना तुकोबा माहीत असतात ते पुष्पक विमानाच्या चित्रातून. आम्हाला आज त्यांची दुसरी ओळख करून द्यायची आहे. तुकोबा एका चालत्या घरगुती व्यवसायाचे मालक होते आणि त्या व्यवसायाचे त्यांनी काय केले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

तुकोबांचा जन्म साधारण 1608 चा मानला जातो. आडनाव अंबिले, घराणे मोरे. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात शेती, वाणसामानाचे दुकान, सावकारी आणि देहूच्या बाजारपेठेची महाजनकी. वर्णव्यवस्थेने शूद्र ठरवले असले तरी घर खाऊनपिऊन सुखी होते. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, त्यामुळे तेराव्या वर्षीच दुकानाचा भार तुकोबांवर आला. हिशेब, उधारी, वसुली हे सगळे त्यांनी कोवळ्या वयात शिकून घेतले.

मग एकामागून एक आघात झाले. आईवडील गेले. भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. 1630 च्या सुमारास पाऊस हरला आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यातच पुणे परगण्यात फौजांची धामधूम. माणसे अन्नावाचून मेली, गुरे मेली, गावे ओस पडली. तुकोबांचे दुकान बसले, दिवाळे निघाले, समाजातली पत गेली. पहिली पत्नी रखमाई अन्न अन्न करीत गेली आणि मुलगा संतूही गेला.

अशा वेळी सावकार काय करतो? दुष्काळ सरला की कर्जखते बाहेर काढतो आणि जो जगला-वाचला त्याची जमीन लिहून घेतो. घर पुन्हा उभे करायचा हाच सोपा मार्ग तुकोबांपुढेही होता. त्यांनी तो घेतला नाही. ऋणकोंनी लिहून दिलेली खतपत्रे त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

या प्रसंगातला एक तपशील आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. धाकटा भाऊ कान्होबा याचा या कर्जांवर निम्मा हक्क होता. तुकोबांनी खतांची वाटणी केली, कान्होबाचा निम्मा वाटा त्याला दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. त्याग स्वतःच्या हिश्श्याचा करायचा असतो, दुसऱ्याच्या ताटातल्या भाकरीचा नव्हे, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

पण या त्यागाची किंमत घरातही मोजावी लागली, हे लपवून चालणार नाही. दुसरी पत्नी जिजाई पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. चरित्रकार महिपती सांगतात त्या कथेनुसार तिने आपल्या पतीवर कर्ज काढून त्यांना व्यापाराला भांडवल उभे करून दिले आणि तुकोबांनी ते पैसे एका अडलेल्या कर्जदाराला सोडवण्यासाठी देऊन टाकले. तीच जिजाई डोंगरावर भाकरी घेऊन जात असे. कीर्तनकारांनी तिला कजाग बायको म्हणून रंगवले. आम्हाला मात्र तिच्यात चळवळीतल्या कित्येक कार्यकर्त्यांच्या बायका दिसतात. कार्यकर्ता मोर्चात असतो तेव्हा दूधवाल्याचे आणि किराणावाल्याचे बिल त्याच थोपवून धरतात.

व्यवसाय सुटला तसे शब्द हेच तुकोबांचे भांडवल झाले. शूद्राने धर्म सांगावा हे सनातन्यांना सहन झाले नाही. मंबाजीने मारहाण केली, रामेश्वरभटाने विरोध केला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या तरल्या, असे परंपरा सांगते. आम्ही म्हणतो, त्या लोकांच्या मुखात होत्या म्हणून तरल्या. आपल्या मावळातल्या सुदुंबरे गावात ज्यांची समाधी आहे ते संताजी जगनाडे व्यवसायाने तेली. तेलाचा घाणा चालवणाऱ्या या माणसाने तुकोबांचे अभंग लिहून जपले.

शिऊरच्या बहिणाबाईंनी ब्राह्मण घरातल्या असूनही तुकोबांना गुरू केले. जातिश्रेष्ठत्वावर घाव घालणारी वज्रसूची त्यांनीच मराठीत आणली. हा मूळ संस्कृत ग्रंथ बौद्ध आचार्य अश्वघोषांच्या नावावर आहे. देहूच्या परिसरात बुद्धविचाराची वाट पुरती बुजली नव्हती, असे म्हणायला यामुळे जागा मिळते.

1650 मध्ये तुकोबा दिसेनासे झाले. परंपरा वैकुंठगमन सांगते, तर डॉ. आ. ह. साळुंखे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्या विद्रोहाकडे आणि शेवटाकडे चिकित्सेने पाहायला शिकवले. वय जेमतेम बेचाळीस. धाकटा नारायण तेव्हा आईच्या पोटात होता.  पण याच नारायणाने पुढे 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला.

तुकोबांना बौद्ध ठरवण्याची घाई आम्हाला नाही. ते विठ्ठलाचे भक्त होते. पण बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक काढला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग छापला. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा पंढरपूरचा विठ्ठल हा मुळात बुद्धच असल्याचे मत त्यांनी मांडले. ते विहार या डोंगरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आज सोमाटणे, तळेगाव, वडगाव पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. आपलेही तरुण दुकाने, गाड्या, ठेकेदारी यांत उतरले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अडलेल्या बांधवाला महिन्याच्या टक्केवारीने पैसे देणारेही आपल्यात तयार होत आहेत. सम्यक आजीविका म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायचे?

पुढच्या वेळी शेलारवाडीच्या लेण्यांत धम्मसहल नेाल, तेव्हा त्या शेतकरी कुटुंबाच्या दानलेखासमोर थोडा वेळ बसा. तिथेच पोरांना देहूच्या या दुकानदाराची गोष्ट सांगा. एका घराने कमावलेले लेण्यासाठी दिले. दुसऱ्याने येणे असलेले सोडून दिले. दोघांनीही धन कशासाठी असते ते ओळखले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!