लेस्टर पॅट्रिक

लेस्टर पॅट्रिक (जन्म : ३१ डिसेंबर १८८३, ड्रमंडव्हिल, क्वेबेक, मृत्यू : १ जून १९६०, व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया) हे कॅनडातील आइस हॉकीपटू, प्रशिक्षक, संघव्यवस्थापक आणि व्यावसायिक लीगचे संस्थापक होते. न्यू यॉर्क रेंजर्स या संघाची उभारणी त्यांनी केली. ७ एप्रिल १९२८ रोजी स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत, वयाची ४४ वर्षे पूर्ण झालेली असताना, संघाचे प्रशिक्षक असूनही ते स्वतः गोलरक्षक म्हणून उभे राहिले. आइस हॉकीच्या इतिहासातील विलक्षण घटनांची यादी करताना या प्रसंगाला सहसा पहिल्या पंक्तीत स्थान मिळते. या एका रात्रीच्या प्रसिद्धीमुळे पॅट्रिक यांचे त्याहून मोठे कार्य, म्हणजे या खेळाच्या आधुनिक नियमांची घडण, सर्वसामान्य वाचकाच्या नजरेआड राहते.

आइस हॉकी हा खेळ गोठवलेल्या बर्फाच्या रिंगणात, पायांत स्केट घालून खेळला जातो. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिला पक म्हणतात. आज प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू असतात. पॅट्रिक यांच्या तरुणपणी ही संख्या सात होती. स्टॅन्ली चषक हा या खेळातील सर्वोच्च मान होय. प्रारंभी तो एखाद्या लीगच्या मालकीचा नव्हता. कोणत्याही संघाने विजेत्याला आव्हान द्यावे, अशी पद्धत होती.

पूर्वायुष्य आणि खेळाडू म्हणून कारकीर्द

लेस्टर यांचे वडील जोसेफ पॅट्रिक हे लाकडाचे व्यापारी होते. कुटुंब पुढे माँट्रिऑल येथे स्थायिक झाले आणि तेथेच लेस्टर व त्यांचे धाकटे बंधू फ्रँक (१८८५–१९६०) यांना हॉकीची गोडी लागली. लेस्टर यांनी मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला, परंतु ते तेथे फार काळ रमले नाहीत. १९०३-०४ च्या हंगामात ते मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडनच्या संघात दाखल झाले. त्या काळी बचावपटूने पक अडवून पुढे फटकावून द्यावा एवढेच त्याचे काम समजले जाई. लेस्टर मात्र पक घेऊन स्वतः प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत मुसंडी मारीत.

१९०४ साली ब्रँडनने स्टॅन्ली चषकासाठी ऑटावाच्या संघाला आव्हान दिले व हार पत्करली. या लढतीत ब्रँडनच्या गोलरक्षकाला शिक्षा झाली. गोलरक्षकानेही आपली शिक्षा रिंगणाबाहेर बसून भोगावी असा तेव्हाचा नियम होता, त्यामुळे तेवढा वेळ लेस्टर गोलात उभे राहिले. चोवीस वर्षांनंतरच्या घटनेची ही जणू रंगीत तालीमच ठरली.

यानंतर ते माँट्रिऑल वाँडरर्स संघात आले. मार्च १९०६ मध्ये चषकाचे मानकरी असलेल्या ऑटावाशी त्यांची दोन सामन्यांची लढत झाली. दोन्ही सामन्यांतील गोलांच्या बेरजेवर विजेता ठरणार होता. पहिला सामना वाँडरर्सने ९-१ असा जिंकल्यावर निकालाबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. दुसऱ्या सामन्यात ऑटावाने गोलांचा असा सपाटा लावला की बेरीज १०-१० अशी बरोबरीला आली. आठ गोलांची आघाडी विरघळून गेली असताना अखेरचे दोन्ही गोल लेस्टर यांनी केले आणि वाँडरर्सने १२-१० अशा फरकाने चषक मिळविला.

वडिलांचा व्यवसाय ब्रिटिश कोलंबियातील नेल्सन परिसरात गेल्यावर लेस्टरही तिकडे गेले, तथापि हॉकी सुटली नाही. डिसेंबर १९०८ मध्ये एडमंटनच्या संघाने चषकासाठी बाहेरगावचे नामांकित खेळाडू पैसे देऊन जमविले, त्यांत लेस्टर होते. १९०९-१० च्या हंगामात ऑन्टॅरिओतील रेनफ्रू या लहानशा गावाच्या श्रीमंत संघाने त्यांना तीन हजार डॉलर मानधन देऊन बोलावले. फ्रँकही त्याच संघात होते. जेमतेम बारा सामन्यांच्या हंगामासाठी ही रक्कम अफाट होती. खेळाडू आपली किंमत स्वतः ठरवू शकतो आणि पैशाने संघ उभा करता येतो, हे दोन्ही धडे बंधूंनी येथे घेतले. एवढे करूनही चषक रेनफ्रूला मिळाला नाही.

पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन

१९११ मध्ये जोसेफ पॅट्रिक यांनी लाकडाचा व्यवसाय विकला. मिळालेला पैसा हॉकीत घालावा, असा प्रस्ताव मुलांनी मांडला. व्हॅनकूव्हर आणि व्हिक्टोरिया येथील हिवाळा सौम्य असतो. तळी गोठत नाहीत. जेथे बर्फच नाही तेथे बर्फावरचा खेळ नेण्याचा हा बेत वरवर पाहता वेडेपणाचा होता. पॅट्रिक कुटुंबाने या दोन्ही शहरांत यंत्राने बर्फ गोठविणारी बंदिस्त रिंगणे बांधली. कॅनडातील कृत्रिम बर्फाची ही पहिली रिंगणे होत. व्हॅनकूव्हरच्या रिंगणात दहा हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय होती. जानेवारी १९१२ मध्ये पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन या लीगचे सामने सुरू झाले. व्हिक्टोरियाचा संघ लेस्टर यांच्याकडे आणि व्हॅनकूव्हरचा फ्रँक यांच्याकडे होता. मालक, व्यवस्थापक, प्रशिक्षक आणि खेळाडू या चारही भूमिका लेस्टर एकाच वेळी पार पाडीत.

लीग स्वतःची असल्यामुळे नियम बदलण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. रिंगणाचे तीन भाग करणाऱ्या निळ्या रेषा, मधल्या भागात पक पुढे देण्याची मुभा, पेनल्टी फटका, गोलास साहाय्य करणाऱ्याची नोंद, हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने अशा अनेक गोष्टी या लीगमध्ये रुजल्या व नंतर सर्वत्र स्वीकारल्या गेल्या. यांतील बरेचसे नियम फ्रँक यांच्या डोक्यातून आले आणि लेस्टर यांनी ते मैदानावर पारखले, असे सामान्यतः मानले जाते. एक बदल येथे विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पूर्वी गोलरक्षकाने उभे राहूनच पक अडवावा असे बंधन होते. खाली पडल्यास शिक्षा होई. हे बंधन दूर करण्याचे श्रेयही या बंधूंच्या लीगला दिले जाते.

लीगचा काळ सुखाचा नव्हता. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरियाचे रिंगण लष्कराने ताब्यात घेतले आणि लेस्टर यांना संघ अमेरिकेतील स्पोकेन येथे हलवावा लागला. १९१९ मध्ये सिअ‍ॅटल येथे चषकाची अंतिम फेरी चालू असताना इन्फ्लुएंझाच्या साथीने माँट्रिऑल कनेडियन्सचे अनेक खेळाडू अंथरुणाला खिळले. व्हिक्टोरियाचे, म्हणजे लेस्टर यांच्या संघाचे, खेळाडू उसने घेऊन सामना खेळू द्यावा ही माँट्रिऑलची विनंती अमान्य झाली. सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकांनी न खेळता चषक घेण्यास नकार दिला. १ एप्रिल रोजी अंतिम फेरी अर्धवट सोडण्यात आली आणि चार दिवसांनी माँट्रिऑलचे जो हॉल मरण पावले. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही.

उसन्या खेळाडूचा प्रश्न १९२२ मध्ये पुन्हा उभा राहिला. व्हॅनकूव्हर व टोरांटो यांच्यातील अंतिम फेरीत टोरांटोचा बचावपटू जायबंदी झाला. त्याच्या जागी ऑटावाचे एडी जेरार्ड यांना खेळविण्यास व्हॅनकूव्हरच्या बाजूने लेस्टर यांनी संमती दिली. जेरार्ड इतके उत्तम खेळले की टोरांटोने चौथा सामना ६-० असा जिंकला. पाचव्या सामन्यासाठी लेस्टर यांनी संमती नाकारली. तोही सामना टोरांटोनेच जिंकला. जेरार्ड हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९२५ मध्ये लेस्टर यांच्या व्हिक्टोरिया कूगर्सनी माँट्रिऑल कनेडियन्सना हरवून चषक जिंकला. नॅशनल हॉकी लीगबाहेरील संघाने तो जिंकल्याचा हा अखेरचा प्रसंग होय. पुढच्या वर्षी कूगर्स पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले, मात्र माँट्रिऑल मरून्सकडून पराभूत झाले. तोवर पूर्वेकडील श्रीमंत शहरांपुढे पश्चिमेच्या लहान शहरांचा टिकाव लागणे अशक्य झाले होते. १९२६ मध्ये पश्चिमेची व्यावसायिक लीग मोडली, खेळाडू विकले गेले आणि पंधरा वर्षांचा हा कौटुंबिक उद्योग संपला.

न्यू यॉर्क रेंजर्स

त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये रेंजर्स हा नवा संघ तयार होत होता. खेळाडूंची निवड कॉन स्माइथ यांनी केली होती. पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांना दूर करून संघाची सूत्रे लेस्टर यांच्याकडे देण्यात आली. पहिल्या हंगामात माणूस कमी पडल्याने लेस्टर एका सामन्यात बचावपटू म्हणूनही खेळले. दुसऱ्याच हंगामात, १९२८ मध्ये, रेंजर्सनी अंतिम फेरी गाठली. प्रतिस्पर्धी होते माँट्रिऑल मरून्स आणि त्यांचे प्रशिक्षक होते एडी जेरार्ड.

रेंजर्सचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे घरचे मैदान त्या वेळी सर्कशीला दिलेले होते. मालकांच्या हिशेबात हॉकीपेक्षा सर्कस अधिक लाभाची होती. परिणामी अंतिम फेरीचे सर्व सामने माँट्रिऑलमध्ये, प्रतिपक्षाच्या रिंगणात खेळावे लागले. पहिला सामना रेंजर्सनी ०-२ असा गमावला.

७ एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यात, गोलफलक कोरा असताना, दुसऱ्या डावात मरून्सच्या नेल्स स्ट्युअर्ट यांच्या जोरकस फटक्याने पक रेंजर्सचे गोलरक्षक लॉर्न शॅबो यांच्या डोळ्यावर आदळला. मुखवटा वापरण्याची पद्धत नव्हती. शॅबो यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या काळी संघासोबत दुसरा गोलरक्षक नसे; अशा वेळी प्रतिपक्षाच्या संमतीने बाहेरचा गोलरक्षक घेतला जाई. ऑटावाचे नामवंत गोलरक्षक अ‍ॅलेक कॉनेल प्रेक्षकांत बसलेले होते. लेस्टर यांनी त्यांना खेळविण्याची परवानगी मागितली. जेरार्ड यांनी ती नाकारली. दुय्यम लीगमधील ह्यू मॅकॉर्मिक हेही उपस्थित होते; त्यांनाही नकार मिळाला. सहा वर्षांपूर्वीच्या नकाराची ही परतफेड होती असे काही जण मानतात. तसे असो वा नसो, नियमाच्या दृष्टीने जेरार्ड यांचे काही चुकले नव्हते, आणि लेस्टर यांनी स्वतःही १९२२ मध्ये संघाचे हित पाहून संमती मागे घेतली होती.

अखेर लेस्टर यांनी शॅबो यांचे साहित्य चढविले आणि ते गोलात उभे राहिले. केस पिकलेले, नियमित खेळ थांबवून काही वर्षे लोटलेली. संघाच्या बाकामागे प्रशिक्षक म्हणून पिट्सबर्गचे ओडी क्लेगहॉर्न उभे राहिले. रेंजर्सच्या खेळाडूंनी त्या रात्री असा कडवा बचाव केला की प्रतिपक्षाला जवळून नेमका फटका मारण्याची संधी क्वचितच मिळाली. लेस्टर वारंवार बर्फावर लोळण घेऊन पक अडवीत होते. १९०४ मध्ये तसे केले असते तर त्यांना शिक्षा झाली असती.

तिसऱ्या डावात बिल कुक यांनी रेंजर्सना आघाडी मिळवून दिली. स्ट्युअर्ट यांनी बरोबरी साधली. १९ पैकी १८ फटके लेस्टर यांनी अडविल्याची नोंद आहे. निसटलेला एकमेव फटका हाच. अतिरिक्त वेळेत ७ मिनिटे ५ सेकंदांनी फ्रँक बूशे यांनी निर्णायक गोल केला आणि खेळाडूंनी आपल्या प्रशिक्षकाला उचलून रिंगणाबाहेर नेले.

पुढील सामन्यांसाठी न्यू यॉर्क अमेरिकन्सचे जो मिलर यांना गोलरक्षक म्हणून घेण्यात आले. तिसरा सामना रेंजर्स हरले, चौथा १-० व पाचवा २-१ असा जिंकला आणि १४ एप्रिल रोजी चषक त्यांचा झाला. मिलर यांच्या वाट्याला मात्र या कथेत सहसा एखादे वाक्यच येते, आणि हे अन्यायाचे आहे. चषकाचे दोन निर्णायक सामने त्यांनीच राखले.

शॅबो यांचा डोळा आता निकामी झाला असे समजून रेंजर्सनी त्यांना टोरांटोला देऊन टाकले. तो अंदाज साफ चुकला. १९३२ च्या अंतिम फेरीत टोरांटोने रेंजर्सना सलग तीन सामन्यांत हरविले, तेव्हा टोरांटोचे गोलरक्षक शॅबोच होते. १९३३ मध्ये हेच संघ पुन्हा भिडले आणि या वेळी लेस्टर यांच्या रेंजर्सनी चषक परत मिळविला. १९२८ च्या त्या सामन्यात मरून्सचे गोलरक्षक असलेले क्लिंट बेनेडिक्ट हे पुढे १९३० मध्ये नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात मुखवटा घालणारे पहिले गोलरक्षक ठरले. प्रत्येक संघाने दुसरा गोलरक्षक सज्ज ठेवावा हे बंधन मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आले नाही. नियमांच्या बाबतीत इतका दूरवर विचार करणाऱ्या पॅट्रिक बंधूंच्याही लीगमध्ये ही उणीव राहून गेली होती, हे नमूद करावेसे वाटते.

उत्तरायुष्य

१९३९ पर्यंत लेस्टर रेंजर्सचे प्रशिक्षक होते. त्यानंतर प्रशिक्षकपद त्यांनी फ्रँक बूशे यांच्याकडे सोपवून व्यवस्थापकपद सांभाळले. १९४० मध्ये रेंजर्सनी पुन्हा चषक जिंकला. त्या संघात लेस्टर यांचे दोन्ही पुत्र, लिन आणि मझ, खेळत होते. यानंतर रेंजर्सना चषकासाठी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. केसांच्या रंगामुळे व डावपेचांतील चातुर्यामुळे न्यू यॉर्कचे वार्ताहर लेस्टर यांना रुपेरी कोल्हा म्हणत.

१९४६ मध्ये त्यांनी रेंजर्सचा निरोप घेतला. १९४७ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ते व्हिक्टोरियाला परतले आणि तेथे पुन्हा कूगर्स याच नावाचा संघ चालवू लागले. १ जून १९६० रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर सोबत राहिलेले बंधू फ्रँक त्यानंतर चार आठवड्यांनी, २९ जून रोजी निवर्तले.

अमेरिकेतील आइस हॉकीची सेवा करणाऱ्यांना १९६६ पासून लेस्टर पॅट्रिक करंडक दिला जातो. त्यांचे नातू क्रेग पॅट्रिक हे १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला अनपेक्षितपणे हरविणाऱ्या अमेरिकन संघाचे साहाय्यक प्रशिक्षक होते. पुढे क्रेग यांच्या व्यवस्थापनाखाली पिट्सबर्ग पेंग्विन्सनी १९९१ आणि १९९२ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली चषक जिंकला.