फुलदाणी उचलली की दिवा बंद : १८८० सालचं ‘स्मार्ट होम’ उभारणारा वकील

आज मोबाईलवर बोट टेकवलं की हॉलमधला दिवा मंद होतो आणि पाहुण्यांसमोर आपली कॉलर टाईट होते. पण १८८० साली इंग्लंडमधल्या एका घरात टेबलावरची फुलदाणी उचलली की दिवा विझायचा, परत जागेवर ठेवली की लागायचा. घराचं नाव क्रॅगसाईड. मालकाचं नाव विल्यम आर्मस्ट्राँग. आणि हा माणूस शिक्षणाने इंजिनियर नव्हताच, वकील होता.

२६ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूकॅसलमध्ये त्याचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी. पोराने वकिली करावी अशी त्यांची इच्छा होती. पोराचं मन मात्र यंत्रात अडकलेलं. तरी वडिलांचा शब्द मोडला नाही. आर्मोरर डॉन्किन या वकिलाच्या हाताखाली तो शिकला, पुढे त्याच ऑफिसात भागीदार झाला.

१८३५ मध्ये मार्गारेट रॅमशॉशी लग्न झालं. त्याच सुमारास मासेमारी करताना त्याला एका खाणीचं पाणचक्र दिसलं. धो धो वाहणाऱ्या पाण्यातली अगदी थोडी ताकद चाकाला मिळत होती, बाकी सगळी वाया. हे गणित डोक्यात बसलं ते कायमचं.

पाण्याच्या दाबावर चालणारी त्याची क्रेन १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर उभी राहिली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही मिळालं, तेही वाफेपासून वीज निर्माण करण्याच्या प्रयोगांमुळे. पुढच्या वर्षी वकिली सोडून त्याने एल्सविकला कारखाना टाकला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. मग क्रिमियाचं युद्ध आलं.

१८५४ मध्ये इंकरमनच्या लढाईत ब्रिटिशांना अवजड तोफा ओढून आणताना घाम फुटला होता. ते वाचून आर्मस्ट्राँगने हलकी, लांब पल्ल्याची आणि मागच्या बाजूने भरायची तोफ बनवली. पेटंट फुकटात सरकारला देऊन टाकलं. १८५९ मध्ये ‘सर’ झाला. पण काही वर्षांत सरकारने त्याच्या तोफा घेणं बंद केलं, तेव्हा कंपनीने बाहेरची गिऱ्हाईकं शोधली. अमेरिकेच्या यादवी युद्धात तर दोन्ही बाजूंना तोफा विकल्या. क्रॅगसाईडचा झगमगाट बघताना हा पैसा कुठून आला ते विसरून चालत नाही.

१८६३ मध्ये त्याने रॉथबरीजवळच्या खडकाळ डोंगरउतारावर घर बांधायला घेतलं. सुरुवातीला छोटंसंच. १८६९ पासून नॉर्मन शॉ या आर्किटेक्टने त्याचा वाडा केला. ओढ्यांवर बांध घालून तळी तयार केली. त्या पाण्यावर घरातली लिफ्ट चालायची, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई आपोआप फिरायची. खोल्याखोल्यांत टेलिफोन आले, जेवणाची वर्दी द्यायला विजेची घंटा आली.

१८६३ च्याच एका भाषणात त्याने सांगितलं होतं की इंग्लंडचा कोळसा कधीतरी संपणार, तेव्हा सूर्य आणि पाणी यांच्याकडे बघा. ज्याचं शहरच कोळशावर जगत होतं त्याने हे बोलावं, म्हणजे धाडसच.

दिव्यांची खरी गंमत १८७८ मध्ये सुरू झाली. ओढ्याच्या पाण्यावर टर्बाईन, टर्बाईनवर सीमेन्सचा डायनामो आणि त्या विजेवर चित्रदालनात एक आर्क दिवा. पण आर्क दिव्याचा उजेड डोळ्यांत खुपायचा. दिवाणखान्यात बसून पुस्तक वाचायचं काम त्याचं नव्हे. तोडगा गावातच होता. न्यूकॅसलचाच जोसेफ स्वान काचेच्या गोळ्यात कार्बनचा तंतू पेटवत होता. १८८० मध्ये स्वानचे दिवे क्रॅगसाईडला लागले. पाण्यापासून केलेल्या विजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर म्हणून ते ओळखलं जातं.

अडचण अशी की टर्बाईन होतं जेमतेम सहा हॉर्सपॉवरचं आणि तेही घरापासून सुमारे १५०० यार्डांवर, म्हणजे जवळपास १.४ किलोमीटर लांब. घरात दिवे ४५. मग आर्मस्ट्राँगने हिशोब मांडला. माणसं एका वेळी सगळ्या खोल्यांत नसतात. एका खोलीचा प्रवाह तोडून दुसऱ्या खोलीकडे वळवता आला, तर एका वेळी ३७ पेक्षा जास्त दिवे लागतच नाहीत. इन्व्हर्टरवर काय चालवायचं आणि काय नाही याचा आपण घरी जो हिशोब करतो, तोच हा.

आणि ती फुलदाणी? ग्रंथालयात तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्या होत्या, त्यांच्या डोक्यावर दिवा. तांबं वीजवाहक, त्यामुळे परतीचा प्रवाह फुलदाणीच्या अंगातूनच जायचा. येणारा प्रवाह बैठकीच्या मध्यभागी असलेल्या पाऱ्याच्या छोट्या वाटीत यायचा. आतल्या तारेचं उघडं टोक त्या पाऱ्यात बुडलं की दिवा लागायचा. उचललं की सर्किट तुटलं. ना बटण, ना खटका. आजचा वायरमन हे बघून कपाळावर हात मारेल, पण तेव्हा घरगुती स्विच ही गोष्टच रुळलेली नव्हती.

विशेष म्हणजे हे त्याने लपवून ठेवलं नाही. जानेवारी १८८१ मध्ये ‘द इंजिनियर’ या साप्ताहिकाला पत्र लिहून टर्बाईन, तारेची जाडी, अंतर, कुठल्या खोलीत किती दिवे, पाऱ्याची वाटी कशी, सगळं मांडलं. वाचून कोणालाही आपल्या घरी करून बघता यावं इतकं स्पष्ट. तोफांच्या कारखान्याच्या मालकाने दिव्यांचं गुपित असं उघड करावं, हे जरा अजबच.

१८८४ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स तिथे पाहुणा म्हणून राहिला. १८८७ मध्ये आर्मस्ट्राँग लॉर्ड झाला. मात्र त्याच्याच कारखान्यातल्या कामगारांना नऊ तासांच्या दिवसासाठी १८७१ मध्ये अनेक महिने संप करावा लागला होता. नमतं अखेर मालकांना घ्यावं लागलं.

१८९३ मध्ये मार्गारेट गेली. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी तो पुन्हा विजेच्या प्रयोगांत रमला आणि वयाच्या ८६ व्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं. २७ डिसेंबर १९०० रोजी क्रॅगसाईडमध्येच त्याचा मृत्यू झाला.

१९७७ पासून हे घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. त्या फुलदाण्या ग्रंथालयात आजही बघायला मिळतात. आणि २०१४ मध्ये तिथल्या टंबलटन तळ्यावर १७ मीटर लांबीचा मोठा स्क्रू बसवला गेला. पाणी त्यावरून उतरतं, स्क्रू फिरतो आणि घरातल्या दिव्यांना पुन्हा पाण्याची वीज मिळते.