हिमखंडावरील एक रात्र : डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल

विल्फ्रेड ग्रेनफेल यांचा जन्म इंग्लंडातील पार्कगेट या गावी २८ फेब्रुवारी १८६५ रोजी झाला. लंडन येथे वैद्यकाचे अध्ययन पुरे केल्यावर ते खोल समुद्रातील कोळ्यांची सेवा करणाऱ्या मिशनात दाखल झाले, आणि इ. स. १८९२ साली उत्तर अमेरिकेच्या ईशान्येस असलेल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यास गेले. हा मुलूख अतिशय थंड व ओसाड. त्या काळी उन्हाळ्यात नावेने आणि हिवाळ्यात कुत्री जोडलेल्या घसरगाडीने बर्फावरून प्रवास करावा लागे. गोरगरीब कोळ्यांस औषधपाणी मिळणे दुरापास्त होते. त्यांच्यासाठी ग्रेनफेल यांनी इस्पितळे काढली व आपले उभे आयुष्य तेथे वेचले.

एप्रिल १९०८ मध्ये, ईस्टरच्या दिवशी, न्यू फाउंडलंड बेटावरील सेंट अँथनीच्या इस्पितळात निरोप आला की, सुमारे साठ मैलांवर एका तरुणाचा पाय हाडाच्या रोगाने फार बिघडला आहे. ग्रेनफेल आठ कुत्र्यांची गाडी घेऊन निघाले. पुढे हेअर उपसागराचा फाटा आडवा होता. किनाऱ्याकाठची वाट लांबची, गोठलेल्या पाण्यावरची जवळची. रोग्याची चिंता मनात असल्यामुळे त्यांनी जवळची वाट धरली. ते एकटेच होते. इतक्यात वारा फिरला, बर्फ फुटला आणि गाडी पाण्यात गेली. त्यांनी सुरीने कुत्र्यांचे पट्टे कापून त्यांस मोकळे केले, आणि सर्व जण मोठ्या कष्टाने एका लहानशा हिमखंडावर चढले. अंगरखा, टोपी, हातमोजे, सारे गेले. वारा त्या खंडास खुल्या समुद्राकडे लोटू लागला.

रात्र पडली तर थंडीने मरण निश्चित होते. तेव्हा ज्यांनी आपणांस येथवर ओढून आणले, त्यांपैकी तीन कुत्र्यांस त्यांनी अत्यंत जड मनाने आपल्या हातांनी मारले व त्यांची कातडी अंगाभोवती गुंडाळली. उरलेल्यांतील एका मोठ्या कुत्र्यास कवटाळून ते निजले. मेलेल्या कुत्र्यांचे गोठलेले पाय एकमेकांस बांधून त्यांनी काठी केली, आणि उजाडल्यावर तिला सदरा लावून निशाण हालविले. सुदैवाने आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावरील लोकांच्या दृष्टीस ते पडले होते. फुटलेल्या बर्फातून, स्वतःचे प्राण धोक्यात घालून, त्या कोळ्यांनी पहाटे नाव घातली व त्यांस सुखरूप आणले. तो आजारी तरुणही पुढे नावेने इस्पितळात पोहोचला व त्याच्यावर उपचार झाले.

पुढे १९२७ साली ग्रेनफेल यांस सर ही पदवी मिळाली. ९ ऑक्टोबर १९४० रोजी ते निवर्तले. त्यांचे धैर्य जगाने वाखाणले. परंतु त्यांनी स्वतः सेंट अँथनी येथे पितळी पाटी बसविली, ती मूडी, वॉच आणि स्पाय या तीन कुत्र्यांच्या स्मरणार्थ.

बालमित्रांनो, दुसऱ्याच्या साहाय्यास धावणे हे थोर कर्तव्य होय; परंतु वाट निवडताना घाई केली, तर तिचे मोल आपल्याबरोबरच्या निरपराध जिवांसही द्यावे लागते. ग्रेनफेल यांनी ते ऋण कधी लपविले नाही. आपणही, आपल्या सुखासाठी कोणी काय सोसले, याचे स्मरण ठेवू या.