मकतबपासून केंब्रिजपर्यंत : अल्लामा अब्दुल्लाह यूसुफ अली

जोगेश्वरी, अंधेरी, कुर्ला, मुलुंड येथील सुशिक्षित मुस्लिम घरांत कुरआनच्या उर्दू व मराठी अनुवादांशेजारी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ पुष्कळदा आढळतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना ईशवाणीचा अर्थ कळावा म्हणून वडीलधारी मंडळी तो आणून ठेवतात. त्यावर अनुवादक म्हणून अब्दुल्लाह यूसुफ अली हे नाव असते. हा विद्वान आपल्याच मुंबईचा विद्यार्थी होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आज उपनगरांतील अनेक कुटुंबे मुलामुलींना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवत आहेत. अशा वेळी या विद्यार्थ्याचे जीवन नव्याने वाचण्याजोगे आहे, कारण त्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे आणि सावध करणारेही काही आहे.

१४ एप्रिल १८७२ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे दाऊदी बोहरा. त्या समाजाचा परंपरागत व्यवसाय व्यापाराचा. परंतु वडील यूसुफ अली अल्लाहबख्श यांनी तो न स्वीकारता पोलीस खात्यात नोकरी धरली आणि पुढे खानबहादूर हा किताब मिळवला. मुलाच्या शिक्षणाचा प्रारंभ त्यांनी कुरआनने केला. चार-पाच वर्षांच्या वयात अब्दुल्लाह अरबी अक्षरे वाचू लागले. त्या बालवयात कानांत साठलेला कुरआनचा नाद जन्मभर त्यांच्यासोबत राहिला.

मुंबईच्या मुसलमानांत त्या काळी आधुनिक शिक्षणाची नवी जाग आली होती. न्या. बद्रुद्दीन तय्यबजी हे १८६७ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले होते, आणि त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था उभी राहिली होती. अब्दुल्लाह काही काळ अंजुमनच्या शाळेत शिकले. नंतर ते विल्सन यांच्या मिशनरी शाळेत आणि तेथून विल्सन महाविद्यालयात गेले. मकतबात कुरआन, अंजुमनमध्ये आपल्या समाजाचा सहवास आणि विल्सनमध्ये इंग्रजी साहित्य अशा तीन प्रवाहांवर त्यांचे विद्यार्थिजीवन पोसले गेले. १८९१ च्या आरंभी, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी इंग्रजी साहित्यात प्रथम श्रेणीत मिळवली. मुंबई सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते त्याच वर्षी केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले. दुर्दैवाने त्याच वर्षी वडिलांचे छत्र हरपले.

केंब्रिजचे जग मुंबईहून सर्वस्वी निराळे होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. केंब्रिजला तेव्हा सहा शतकांहून अधिक काळ लोटला होता. मुंबईचे विद्यापीठ मुख्यत्वे परीक्षा घेई आणि पदव्या देई. केंब्रिजमध्ये विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारात वा त्याच्या देखरेखीखालील खोल्यांत राहत, एका सभागृहात सर्वांसमवेत भोजन करीत आणि ठरलेल्या प्रसंगी काळा झगा परिधान करीत. रात्री दहाच्या सुमारास महाविद्यालयाचे दरवाजे बंद होत व उशिरा येणाऱ्यास दंड भरावा लागे. शिस्त पाहण्यासाठी विद्यापीठाचे अधिकारी संध्याकाळी रस्त्यांवरून फिरत. पदवीदानाच्या वेळी विद्यार्थी कुलगुरूंपुढे गुडघे टेकून आपले जोडलेले हात त्यांच्या हातांत देई. या साऱ्या रीतींमागचा हेतू एकच होता : विद्यार्थ्याला आपण कोणत्या घराण्याचे आहोत याची जाणीव सतत राहावी.

बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी लंडनमध्ये आणखी एक विलक्षण प्रथा होती. अब्दुल्लाह लिंकन्स इन या संस्थेचे विद्यार्थी होते. अशा संस्थांत केवळ परीक्षा उत्तीर्ण होऊन भागत नसे. प्रत्येक सत्रात ठरावीक संख्येने तेथील सभागृहात भोजनास उपस्थित राहावे लागे. ज्येष्ठांच्या सहवासात बसल्याने व्यवसायाची रीत अंगी मुरते, अशी त्यामागची धारणा. या भोजनात मद्यही वाढले जाई. मुस्लिम विद्यार्थ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हे. हलाल-हराम सांभाळणे, नमाजच्या वेळा पाळणे, रमजानचे रोजे राखणे, या प्रत्येक गोष्टीचा निर्णय तेथे त्याला एकट्याला घ्यावा लागे. सोबतीला ना वडील, ना उस्ताद, ना मोहल्ल्याची अजान. वोकिंगची मशीद नुकतीच १८८९ मध्ये बांधली गेली होती. केंब्रिजमध्ये मात्र मशीद नव्हती.

विद्यार्थ्यांना एका छत्राखाली ठेवून घडवण्याची ही पद्धत इस्लामी जगाला अपरिचित नव्हती. मोरोक्कोतील फेज शहरात ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या पुण्यशील स्त्रीने करवीयीन मशिदीचा पाया घातला असे परंपरा सांगते. त्याच मशिदीतून एक महान विद्यापीठ उदयास आले. कैरोच्या अल-अजहरमध्ये उस्ताद खांबाला टेकून बसत आणि शिष्य त्यांच्याभोवती हलका करून बसत. दूरदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे रिवाक असत. सीरियाचा, तुर्कांचा, मगरिबचा असा प्रत्येक प्रदेशाचा रिवाक वेगळा असे, आणि त्यांतील विद्यार्थ्यांच्या निवासाची व भाकरीची तजवीज वक्फच्या उत्पन्नातून होई. शिक्षण पूर्ण झाले की उस्ताद शिष्याला इजाजत देत. त्या इजाजतीत उस्तादांच्या उस्तादांची साखळी नमूद असे. परदेशी गेलेला विद्यार्थी तेथे आपल्या माणसांत राही आणि त्याची विद्या गुरुपरंपरेशी बांधलेली असे. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवीचा हक्क १९४८ मध्ये दिला, हेही येथे आपल्या मुलींच्या पालकांनी ध्यानात घ्यावे. फातिमा अल-फिहरींचे कार्य त्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधीचे.

अब्दुल्लाह यूसुफ अली यांनी अभ्यासात कसूर केली नाही. १८९५ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली, अत्यंत कठीण मानल्या जाणाऱ्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळवला आणि १८९६ मध्ये ते बॅरिस्टर झाले. संयुक्त प्रांतात त्यांनी अधिकारी म्हणून काम केले व १९१४ मध्ये ती सेवा सोडली. ब्रिटिश सत्तेवर त्यांचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धात त्यांनी तिची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९१७ मध्ये त्यांना सी.बी.ई. हा सन्मान मिळाला. त्यांच्या काळातील अनेक मुसलमानांना ही भूमिका मान्य नव्हती, आणि त्यांच्या चरित्राचा हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही.

संसारात मात्र त्यांना स्वास्थ्य लाभले नाही. १९०० मध्ये त्यांनी एका इंग्रज स्त्रीशी इंग्लंडमधील चर्चमध्ये विवाह केला. नोकरीनिमित्त ते हिंदुस्थानात, तर कुटुंब पुष्कळ काळ इंग्लंडमध्ये, अशी ताटातूट होत गेली. १९१२ मध्ये हा विवाह मोडला आणि मुलांची मनेही पित्यापासून दुरावली. १९२० मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. तथापि पहिली जखम भरून आली नाही. आपल्या कुरआन अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी एका खासगी दुःखाचा उल्लेख केला आहे. त्या दुःखाने त्यांची बुद्धी डळमळण्याची वेळ आली होती, आणि त्याच वादळात कुरआनच्या सेवेने त्यांना पुन्हा उभे केले.

केंब्रिजची कीर्ती, सरकारी मानमरातब, युरोपातील ओळखी यांपैकी काहीही त्या घडीला त्यांच्या उपयोगी पडले नाही. उपयोगी पडले ते चार वर्षांच्या वयात वडिलांनी दिलेले अक्षर. लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी दोन वेळा भूषवले. १९३४ मध्ये लाहोरमध्येच त्यांचा अनुवाद भागशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९३७ मध्ये तो पूर्णत्वास गेला. सहा हजारांहून अधिक टिपांनी युक्त असलेल्या या ग्रंथात विल्सन महाविद्यालयातील इंग्रजी साहित्याची जाण आणि मकतबातील अरबीची ओढ एकत्र आली आहे. त्यातील काही टिपांशी उलमांनी मतभेद दर्शवले आणि पुढील आवृत्त्यांत दुरुस्त्याही झाल्या; तरीही इंग्रजी जाणणाऱ्या लाखो वाचकांपर्यंत कुरआनचा अर्थ त्यांच्या लेखणीतून पोहोचला. डिसेंबर १९३८ मध्ये कॅनडातील पहिल्या मशिदीचे, एडमंटन येथील अल-रशीदचे, उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले.

आयुष्याची अखेर लंडनमध्ये झाली. शरीर थकले होते, स्मरणशक्ती मंदावली होती आणि जवळचे असे कोणी राहिले नव्हते. ९ डिसेंबर १९५३ रोजी कडाक्याच्या थंडीत हा वृद्ध विद्वान वेस्टमिन्स्टर भागात निराधार व भ्रमिष्ट अवस्थेत पोलिसांना आढळला. रुग्णालयातून त्यांना वृद्धांच्या निवासगृहात नेण्यात आले. दुसऱ्याच दिवशी हृदयविकाराचा झटका येऊन ते अल्लाहला प्यारे झाले. पार्थिव नेण्यास नातेवाईक आले नाहीत. पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाने दफनविधीची व्यवस्था केली आणि सरे परगण्यातील ब्रुकवूड कब्रस्तानात ते विसावले. कुरआनचे दुसरे विख्यात इंग्रजी अनुवादक मार्माड्यूक पिकथॉल यांची कबरही तेथेच आहे.

या शेवटाचा दोष विद्येला देऊ नये. ज्ञान मिळवणे हे मुसलमानावर कर्तव्य आहे आणि त्यासाठी दूर जाणे ही आपल्या पूर्वजांची रीत आहे. उणीव राहिली ती रिवाकची. केंब्रिजने या तरुणाला झगा दिला, लिंकन्स इनने भोजनाच्या पंक्तीत बसवले, सरकारने हुद्दा दिला. पण परदेशात त्याच्या दीनची आणि मनाची विचारपूस करणारा आपल्या माणसांचा घोळका त्याला लाभला नाही. वार्धक्यात तर ज्यांनी त्यांचा ग्रंथ घरोघरी जपला, त्या उम्मतीलाही ते कोठे व कसे आहेत याची खबर नव्हती.

सर मोहम्मद यूसुफ यांच्या देणगीतून १९३० मध्ये जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल यूसुफ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा दूरच्या गावांतील मुस्लिम मुलांना शिक्षणासोबत वसतिगृहाचा आसराही मिळाला. रिवाकचाच तो एक प्रकार होता. आज आपली मुले लंडन, टोरांटो वा मेलबर्नला जातात. शुल्क, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांची तजवीज आपण चोख करतो. त्याच काळजीने तेथील मशिदीचा पत्ता, भरवशाचे एक मुस्लिम कुटुंब, दर आठवड्याचा मनमोकळा फोन आणि विवाहाविषयी वेळीच केलेली चर्चा यांचीही तजवीज व्हावी. आपल्या वस्तीतील वृद्ध शिक्षक, मौलाना व लेखक एकटे पडले असतील तर त्यांच्या दारावर थाप देणे हेही त्याच कर्तव्याचे दुसरे अंग होय.

अल्लाह तआला अब्दुल्लाह यूसुफ अली यांच्या चुका माफ करो, त्यांच्या कुरआन-सेवेचा स्वीकार करो, आणि आपल्या मुलामुलींना लाभदायक ज्ञानाबरोबर आपल्या माणसांची सोबत प्रदान करो. आमीन.