जुहूच्या चिखलातून उडालेले टपाल

भारतीय नागरी विमानसेवेचे जनक जहांगीर रतनजी दादाभॉय तथा जे. आर. डी. टाटा यांची ओळख उद्योगपती म्हणून अधिक असली, तरी त्यांचे पहिले प्रेम विमानावर होते. 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होता.

ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी कराचीला येणारे विलायती टपाल विमानाने मुंबई-मद्रासपर्यंत नेण्याची योजना मांडली. सरकारने अनुदान नाकारले, तरीही टाटांनी जोखीम पत्करली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी एक इंजिनाचे छोटे ‘पुस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

खरी कसोटी होती ती उतरण्याची. अलास्कासारख्या थंड प्रदेशात चाकांऐवजी स्की लावलेली छोटी विमाने गोठलेल्या तळ्यांवर उतरतात. खालचा बर्फ भार पेलेल की नाही, हे वैमानिकानेच जोखायचे असते. जुहूला बर्फ नव्हता, पण भरवशाची जमीनही नव्हती. ते मैदान म्हणजे समुद्रालगतचा चिखलाचा सपाट पट्टा. पावसाळ्यात भरती आली की धावपट्टी पाण्याखाली जाई. विमानात रेडिओ नव्हता आणि मैदानावर दिवेही नव्हते. चाक रुतले तर हलके विमान उलटण्याचा धोका होताच.

यावर मार्ग निघाला तो पुण्याचा. पावसाळ्यात दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन तंत्रज्ञ असा सारा संसार येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावर हलवण्यात आला. नकाशावर पुणे ते बेल्लारी अशी सरळ रेघ ओढली, तर ती फलटणच्या परिसरावरून जाते. तेथील माळरान तुलनेने मोकळे. संकट होते ते अलीकडच्या सह्याद्रीत. ढगांनी झाकलेले घाट आणि मुसळधार पाऊस यांतून केवळ डोळ्यांच्या भरवशावर वाट काढावी लागे. तरीही पहिल्या वर्षात टपाल एकदाही चुकले नाही. नागरी उड्डाण खात्याने या शंभर टक्के वक्तशीरपणाचा अहवालात खास गौरव केला.

या रोपट्यातून पुढे एअर इंडिया उभी राहिली. 8 जून 1948 रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. 1953 मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी अध्यक्षपदाची धुरा जेआरडींनी दीर्घकाळ वाहिली. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, कराची-मुंबई उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांनी छोट्या विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. 1992 मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ने गौरवण्यात आले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.